शनिवारी सावली का पडली नाही

मास्तरांनी रेकॉर्ड दोन तळहातांच्या मध्ये धरून पाकिटातून बाहेर काढली, खिडकीच्या उजेडात तिरपी केली, आणि नेमकी तेव्हाच दारावरची घंटी वाजली.

रविवारी सकाळी चष्म्याच्या दुकानाची घंटी वाजत नसे. दारावर 'बंद'ची पाटी असे आणि ज्यांना यायचे ते तिघेही आधीच आत आलेले असत. मास्तरांनी रेकॉर्ड तशीच हातात धरून चष्मेवाल्याकडे पाहिले. भूमिती शिकवताना पस्तीस वर्षे ज्या नजरेने त्यांनी मागचे बाक गप्प केले होते, ती नजर निवृत्तीनंतरही शाबूत होती.

"मीच बोलावलंय," चष्मेवाला म्हणाला. "एक बाई आहेत. बसतील शांत."

"पाहुणे आधी विचारून आणायचे असं ठरलंय आपलं."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता," असे म्हणून चष्मेवाला दार उघडायला गेला.

तिसरा गडी, लिफ्टवाला, बाकावर पाय पसरून बसला होता. तो गालातल्या गालात हसला. त्याचे सगळे आयुष्य उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेले होते, आणि मास्तरांना कुणी तोंडावर उत्तर दिले की त्याचा रविवार सत्कारणी लागे.

आत आलेली बाई पन्नाशी ओलांडलेली होती. ती टपालखात्यात होती, पत्रे गावोगावच्या खणांत टाकायच्या टेबलावर. गुरुवारी ती नवा चष्मा न्यायला आली तेव्हा चष्मेवाला याच रेकॉर्डच्या पाकिटाची सुटलेली कड चिकटवत बसला होता. ही गोष्ट मास्तरांना ठाऊक नव्हती आणि ती तशीच राहावी अशी त्याची मनापासून इच्छा होती. चष्मा डोळ्यांवर चढवून झाल्यावर तो सवयीने म्हणाला, काहीतरी वाचून बघा. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता सोडून तिने हाताशी पडलेल्या पाकिटाची मागची बाजू वाचायला घेतली. अर्ध्यावर थांबली. मग म्हणाली, माझे बाबा आहेत यात. आणि लगेच, जरा खालच्या आवाजात, म्हणजे ते तसं म्हणायचे.

ते दुसरे वाक्य तीन दिवस चष्मेवाल्याच्या डोक्यातून गेले नव्हते. म्हणून त्याने तिला बोलावले होते. या शहरात त्या रेकॉर्डबद्दल कुणी काही सांगू शकेल तर ते या खोलीतच, याबद्दल त्याला शंका नव्हती.

खोली म्हणजे दुकानाच्या मागची डोळे तपासायची जागा. एक उंच खुर्ची, दोन बाक, भिंगांचे ट्रे, आणि भिंगे घासायच्या टेबलावर रविवारपुरता मांडलेला रेकॉर्ड प्लेअर. एके काळी इथे अकरा जण दाटीवाटीने बसत. कुणी शहर सोडले, कुणी जग सोडले, एकाने मास्तरांशी भांडून नुसतीच खोली सोडली. उरले ते तिघे एकाच कार्यक्रमाचे वेडे होते. पन्नास वर्षांपूर्वी शहराच्या मोठ्या नाट्यगृहात एका जॅझ बँडचा कार्यक्रम लागोपाठ दोन संध्याकाळी झाला होता. सगळा बँड ज्याच्या बोटावर नाचायचा त्याला हे तिघे कप्तान म्हणत. शुक्रवारच्या कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली आणि ती अजरामर झाली. शनिवारचा कुणीतरी रेडिओवरून टेपवर उतरवून घेतला होता, ती टेपही यांच्याकडे होती. गंमत म्हणजे तिघांपैकी एकानेही त्या नाट्यगृहात तेव्हा पाऊल ठेवले नव्हते. मास्तरांची परीक्षा होती, चष्मेवाल्याला कांजिण्या आल्या होत्या, आणि लिफ्टवाला तेव्हा सिनेमाच्या गाण्यांपलीकडे काही ऐकत नसे. पण आता त्या शुक्रवारबद्दल ते असे बोलत की ऐकणाऱ्याला वाटावे, पहिल्या रांगेतून उठून नुकतेच घरी आलेत.

ऐकायची त्यांची रीतही ठरलेली होती. दर रविवारी प्रत्येकाने एक वाद्य घ्यायचे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त त्याच्याच मागे जायचे. एकाकडे ड्रम, एकाकडे पियानो, पुढच्या वेळी अदलाबदल. मध्ये कुणी चकार शब्द काढायचा नाही, अळीमिळी गुपचिळी. रेकॉर्डमधल्या श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या की यांनीही वाजवायच्या, आणि ते थांबले की थांबायचे. ट्रॉम्बोन, म्हणजे नळी पुढेमागे सरकवून वाजवायची ती लांब पितळी वाद्ये, मात्र पाळीत कधीच नसत. ते मास्तरांचे.

चष्मेवाल्याने बाईची ओळख करून दिली आणि मास्तरांनी तिला खुर्ची दिली. दुकानात बसायला तीच एक धड जागा होती. तपासणीच्या त्या उंच खुर्चीत ती मांडीवर पिशवी धरून बसली, डोळे दाखवायला आल्यासारखी.

"वडील काय वाजवायचे?" मास्तरांनी विचारले.

"ट्रॉम्बोन."

मास्तर थोडे सरसावून बसले. त्यांनी नाव विचारले, तिने सांगितले. पाकीट उलटून पाहायची त्यांना गरज नव्हती, तरी ते उलटून त्यांनी तिच्यासमोर धरले आणि बोट ठेवले. चार ट्रम्पेट, पाच सॅक्सोफोन, पियानो, गिटार, बेस, ड्रम. आणि ट्रॉम्बोन दोन. दोन नावे. दोन्ही तिच्या वडिलांची नव्हती.

"पंधरा वादक," मास्तर म्हणाले. आवाजात कठोरपणा नव्हता, पण पाठ्यपुस्तकाचा ठामपणा होता. "दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमात असतील ते. यात नाहीत."

"हे मी वाचलंय," ती म्हणाली. "लहानपणापासून."

मग तिने जे सांगितले ते फार थोडक्यात सांगितले, टपालाच्या टेबलावर पत्ता वाचून दाखवावा तसे. वडील दिवसा पाण्याचे मीटर वाचत फिरायचे. दीड-दोन वर्षे ते संध्याकाळी बँडमध्ये जात होते, म्हणजे जातो असे सांगत होते. बँडच्या यादीवरचे ते नव्हतेच, कप्तानाला मधला आवाज भरून हवा होता म्हणून यादीबाहेरचे, जादा वादक म्हणून धरले होते. तेही त्यांनीच सांगितलेले. घरात ट्रॉम्बोन होता, पण घरात वाजवायची सोय नव्हती, भिंतीपलीकडे शेजारी. रेकॉर्ड बाजारात आली तोवर बँड मोडला होता. वडिलांनी ती मोठ्या हौसेने घरी आणली. आईने पाकीट उलटे केले, नावे वाचली, आणि रेकॉर्ड न ऐकताच कपाटावर ठेवून दिली. मामा तर तोंडावरच हसला. पेट्या उचलायला जात असतील दाजी, म्हणाला, आणि पेट्या तरी उचलायला जातात का ते बघा एकदा. आईने बघितले नाही, विचारलेही नाही. फक्त त्या दिवसापासून वडिलांच्या त्या सगळ्या संध्याकाळींवर तिचा विश्वास राहिला नाही. बाबा जाऊन चार वर्षे झाली, आई मागच्या वर्षी गेली. जाईपर्यंत तिने तो विषय काढला नाही आणि सोडलाही नाही.

"त्यांनी वाजवलं असेल तर कुठेतरी ऐकू येईलच ना," ती म्हणाली. "तुम्हाला ही सगळी पाठ आहे म्हणतात हे. मला खरं काय ते सांगा. ते थापा मारत होते की नव्हते, एवढंच."

लिफ्टवाल्याने पाय आवरून घेतले. मास्तरांनी पाकीट हळूच टेबलावर ठेवले. त्यांनी तिला दुखवायचे टाळले हे खरे, पण खोटा दिलासा देणेही त्यांना जमण्यासारखे नव्हते. ते म्हणाले, ऐकू आधी.

सुई खाली आली. तुकड्याचे नाव 'लांब जिना'. सुरुवातीला नुसता बेस, पायऱ्या चढणाऱ्या माणसासारखा, घाई नाही. मग खालच्या पट्टीत सॅक्सोफोन कुजबुजू लागतात, पाचही एकाच माणसाने श्वास घ्यावा असे. पियानोवर कप्तान मध्येच तीन सूर टाकतो आणि हात काढून घेतो, जेवणाऱ्याला आग्रह न करता वाढावे तसे. मिनिटभराने चारही ट्रम्पेट एकदम उठतात, आणि तिथे नाट्यगृहातली कुणी बाई ओरडते. काय ओरडते ते आजवर कळलेले नाही, पण त्या जागी चष्मेवाल्याच्या अंगावर अजून काटा येतो. एवढी माणसे, एवढे पितळ, आणि एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात नाही. चौथ्या मिनिटाला ड्रम थांबतात, ट्रम्पेट थांबतात, सगळा डोलारा खाली बसतो आणि उरतात फक्त ट्रॉम्बोन. अर्धे मिनिट. जाड, उबदार, रुंद आवाज. त्यावर डोके टेकावे असा.

त्या अर्ध्या मिनिटात तिने डोळे घट्ट मिटले होते. चष्मेवाला आज पियानो धरून बसला होता, पण पियानो केव्हाच सुटला. तो तिच्याकडेच पाहत होता. तिच्या कपाळावर आठ्या होत्या. गर्दीत हरवलेल्या माणसाला शोधताना असतात तशा.

रेकॉर्डमध्ये टाळ्या पडल्या. तिघांनी वाजवल्या, तिनेही संकोचत दोनदा टाळी वाजवली.

"नाही कळत," ती म्हणाली. "सगळं एकात एक आहे."

"तीच तर कमाल आहे," मास्तर न राहवून म्हणाले. बोलायला नको होते हे त्यांना बोलल्यावर कळले, पण गाडी उताराला लागली होती. त्या अर्ध्या मिनिटावर त्यांनी उमेदीची वर्षे घातली होती. वाजवणारे दोन, पण ऐकू येतात तीन. दोन घंटा अचूक मापाच्या असल्या की एकदम वाजवल्यावर तिसरा नाद उठतो, तसे कप्तानाने दोन ट्रॉम्बोन असे काही बसवले होते की त्यांच्यामध्ये तिसरा आपोआप उभा राहायचा. त्याला मास्तरांनी नाव दिले होते 'सावली'. या सावलीवर त्यांनी बत्तीस पानांची पुस्तिका लिहून छापून घेतली होती. तिच्या प्रती अजून चष्मेवाल्याच्या माळ्यावर होत्या आणि चष्म्याच्या डब्यांना खाली घालायला उपयोगी पडत.

"सावली," ती म्हणाली.

"हो. म्हणजे तुमच्या वडिलांना जो मधला आवाज वाटला असेल, तो..." मास्तर थांबले. "त्यांनी ही रेकॉर्ड फार ऐकली असेल. माणसाला आवडलेली गोष्ट हळूहळू आपलीशी वाटायला लागते. त्याला थाप नाही म्हणता येणार, ताई."

यापेक्षा मामाचे हसणे बरे, असे चष्मेवाल्याला वाटून गेले. तिने मान हलवली. ती इतकी समजूतदारपणे हलवली की तिघांनाही कुठे पाहावे कळेना. मग ती खुर्चीतून उतरली, पिशवी खांद्याला लावली आणि तुम्ही वेळ दिलात, चांगलं वाटलं, असे काहीतरी म्हणाली.

लिफ्टवाला खालमानेने बसून होता. बावीस वर्षांपूर्वी, मंडळात नवा असताना, त्याने एकदाच या सावलीबद्दल तोंड उघडले होते. मास्तर, तुमची सावली चौथ्या मिनिटाला श्वास घेते, तो म्हणाला होता, सावलीला श्वास कशाला लागतो? मास्तर त्यानंतर तीन रविवार त्याच्याशी बोलले नव्हते. तेव्हापासून तो ड्रम, बेस, पियानो, जे वाट्याला येईल ते गुमान ऐकत असे.

चष्मेवाला तिला सोडायला दुकानाच्या पुढच्या भागात आला. गप्प राहणे बरे दिसेना म्हणून त्याने विचारले, दुसऱ्या दिवशी, शनिवारीही वाजवलं म्हणायचे का ते? त्या दिवसाची टेपही आहे आमच्याकडे. तुम्हाला हवं असेल तर तीही ऐकवता येईल.

"नाही," ती म्हणाली. "शनिवारी ते गेलेच नव्हते. मी सहा वर्षांची होते. शुक्रवारी रात्री माझं पोट दुखायला लागलं आणि सकाळी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी ते माझ्यापाशीच होते, दवाखान्यात. मामा तेसुद्धा धरून ठेवायचा. म्हणायचा, खरंच बँडमध्ये असते तर ऐन कार्यक्रमाच्या दिवशी कुणी सोडलं असतं का? त्यांच्यावाचून काही अडलं नाही, याचा अर्थ काय तो समजा."

मधले दार उघडेच होते. आतून बाक सरकल्याचा आवाज आला. लिफ्टवाला दारात येऊन उभा राहिला होता, पण तो बाईकडे पाहत नव्हता. तो मागे वळून मास्तरांकडे पाहत होता.

मास्तर हललेले नव्हते. त्यांचा एक हात प्लेअरच्या झाकणावर होता. हळूहळू चष्मेवाल्याच्याही डोक्यात उजेड पडला. तो मुकाट्याने स्टुलावर चढला आणि माळ्यावरून पुस्तिकेची एक प्रत काढून, धूळ झटकून, मास्तरांच्या समोर ठेवली.

"काखेत कळसा," लिफ्टवाला पुटपुटला.

"वाचू नका," मास्तर म्हणाले. "मला पाठ आहे."

तरी त्यांनी ती उघडली. चौथे प्रकरण. त्याचे नाव 'शनिवारी सावली का पडली नाही'. त्यात मास्तरांनी सात पाने खर्चून सिद्ध केले होते की शनिवारच्या टेपमध्ये त्या अर्ध्या मिनिटात तिसरा आवाज नाही, फक्त दोनच आहेत, आणि मध्ये भोक पडल्यासारखी जागा रिकामी आहे. कारणेही दिली होती. हवेत ओल होती. कप्तान थकला होता. दोन्ही ट्रॉम्बोन केसभर बेसूर होते, म्हणून सावली पडली नाही. मंडळातला जो गडी भांडून गेला तो याच ओलीवरून गेला होता, त्याच्या मते त्या शनिवारी कडक ऊन होते.

"या ना आत," लिफ्टवाला बाईला म्हणाला. "बसा जरा. मास्तर काहीतरी वाचून दाखवणार आहेत."

ती आत आली, पण बसली नाही. मास्तरांनी पान मागे उलटले, शुक्रवारच्या प्रकरणावर आले आणि वाचू लागले. वर्गात वाचत तसे नाही, अडखळत. सावली पहिल्या दोघांच्या किंचित मागून येते, त्यांना पुढे जाऊ देऊन. ती कधीही वर चढत नाही. वरचा ट्रॉम्बोन जोर करतो तेव्हा ती दबून बसते आणि तो दमला की त्याला खालून उचलून धरते. चार मिनिटे अठरा सेकंदांवर ती क्षणभर थांबते. ती नसती तर हे अर्धे मिनिट उभे राहिले नसते. या संपूर्ण कार्यक्रमात सर्वांत नम्र आणि सर्वांत आवश्यक असे काही असेल, तर ते हे.

इथे मास्तरांनी बोट त्या ओळीवरच ठेवले. पुढे वाचले नाही.

"हे तुम्ही लिहिलंय?" तिने विचारले.

"एकोणतीस वर्षांपूर्वी."

"कुणाबद्दल?"

मास्तरांनी पुस्तिका मिटून बाजूला ठेवली, प्लेअरचे झाकण उघडले आणि सुई थेट चौथ्या मिनिटावर नेऊन ठेवली. एवढ्या वर्षांत सुई मध्येच टाकायची मुभा त्यांनी कुणाला दिली नव्हती, स्वतःलाही नाही. डोलारा खाली बसला, ट्रॉम्बोन उरले. मास्तरांनी उजव्या हाताचे एक बोट वर केले आणि हवेत, छातीच्या उंचीवर, आडवे धरले. वरच्या आवाजाबरोबर ते हलले नाही, खालच्याबरोबरही नाही. मधल्याबरोबर चालले. कुठे थोडे दबले, कुठे उचलले गेले. एका जागी ते थांबले, तिथे रेकॉर्डमध्ये अगदी बारीक, हवा आत ओढल्याचा आवाज होता.

"हे," मास्तर म्हणाले. "हे तुमचे वडील."

त्यांनी सुई पुन्हा मागे नेली. पुन्हा बोट. तिसऱ्या वेळी बोटाची गरज राहिली नाही, कारण तिचे तोंड किंचित उघडले होते आणि त्या जागी तिने आपण होऊन श्वास घेतला. चष्मेवाला तिथून उठला आणि काही कारण नसताना भिंगांचा ट्रे पुसत बसला. आनंद झाला होता, आणि त्याच्या बरोबरीने लाजही वाटत होती. बत्तीस पाने एका माणसावर लिहून तो माणूस नव्हताच असे म्हणायचे, हे फक्त त्यांच्यासारख्यांनाच जमले असते. जो ऐकतच नाही त्याच्या हातून अशी चूक होत नाही.

"पुस्तिका सगळी बदलायला हवी," मास्तर म्हणाले.

"कशाला?" लिफ्टवाला म्हणाला. बावीस वर्षांनी संधी मिळाली होती, पण त्याचा आवाज मऊ होता. "एक शब्द बदला फक्त. जिथं जिथं सावली आहे तिथं यांच्या वडिलांचं नाव घाला. बाकी सगळं बरोबर आहे."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. डोळे पुसले असे कुणी म्हणू नये म्हणून चष्माच बराच वेळ पुसला. मग त्यांनी तिची माफी मागितली, साध्या शब्दांत, आणि म्हणाले, आईंना हे ऐकायला मिळायला हवं होतं.

"हो," ती म्हणाली.  ती आता खुर्चीत बसली होती, पिशवी खाली ठेवून. चष्मेवाल्याने तिला विचारले, पुन्हा लावू का, सुरुवातीपासून, सबंध? आज तुम्ही म्हणाल तितक्या वेळा.

तिने थोडा विचार केला.

"शनिवारची लावाल?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

"ती फिकी आहे हो," मास्तर म्हणाले. "आम्हीसुद्धा ऐकत नाही. ते नाहीत त्यात."

"म्हणूनच," ती म्हणाली. "शुक्रवारी ते तुमच्याकडे होते."

मास्तर उठले. टेपचे यंत्र कपाटाच्या तळाशी होते. ते काढून, जोडून, टेप ओवून होईपर्यंत दहा मिनिटे गेली. मग रेडिओची खरखर आली आणि तिच्यातून दूरवरचा बेस पायऱ्या चढू लागला. तोच तुकडा, तीच माणसे, एक कमी. आज कुणी कुठलेही वाद्य वाटून घेतले नव्हते.

चौथ्या मिनिटाला सगळे थांबले आणि दोन ट्रॉम्बोन उरले. एक वर, एक खाली, मध्ये काही नाही. ती समोर भिंतीकडे पाहत होती. तिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, गुडघ्यापर्यंत पुढे सरकला, मागे आला, अर्ध्यावर थांबला, पुन्हा पुढे गेला.

"असं करत होते," हात न थांबवता ती म्हणाली. "त्या संध्याकाळी, खाटेशेजारी स्टुलावर बसून. घड्याळाकडे बघून सुरू केलं. मला वाटलं, गुडघा दुखतोय."

मास्तर त्या हाताकडे पाहत राहिले. नळी कुठवर पुढे गेली की कोणता सूर लागतो, हे त्यांना ठाऊक होते. टेपमधली ती रिकामी जागा आणि तो हात यांच्यात त्यांना कुठेही फट सापडली नाही.

तुकडा संपला, शनिवारच्या श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. खोलीत कुणी वाजवल्या नाहीत. तिचा हात अजून चालू होता.